मापात कापलेला अंधार

समुद्राला रस्ते असतात! खरेखुरे रस्ते, डावी-उजवी कड असलेले. कुठे उथळ आहे, कुठे खडक आहे, कुठल्या अंगाने जायचं, हे सगळं सांगणाऱ्या खुणा त्यावर असतात, दिवसा रंगाने बोलणाऱ्या आणि रात्री दिव्याने. आणि त्या खुणा कुणीतरी कारखान्यात बनवतं, तपासतं, शिक्का मारतं, बिल फाडतं! अर्धं आयुष्य विजेच्या धंद्यात गेलं, आणि हे मला कुणी सांगितलं कसं नाही, याचा राहून राहून राग येतोय.

आमचा धंदा नारायणगावात मोटारी भरण्याचा. जळालेली मोटार आली की खोलायची, जुनी तार ओढून काढायची, नवी भरायची, सील बदलायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, 'व्होल्टेज बघत जा हो.' समुद्राशी आमचं नातं सुकट-बोंबलापुरतं. जुन्नर-आंबेगावात पाणी म्हणजे धरण. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. त्यामुळे मेहुण्याच्या गाडीबरोबर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत चढलो तेव्हा मनात होतं ते एवढंच, की वारा खायचा आणि वडापाव खायचा.

आणि मग तो दिसला. लाल, माणसाच्या दुप्पट उंचीचा, एका अंगाला कललेला. पाण्याच्या रेषेशी शेवाळाचा हिरवा पट्टा, त्याच्या खाली कवचांचा खरबरीत थर. वर लोखंडी सांगाडा, त्याला तिरप्या बसवलेल्या सोलरच्या पाट्या, पक्ष्यांनी पांढऱ्या करून ठेवलेल्या. सगळ्यात वर ओंजळीत मावेल एवढा दिवा, आणि दिव्याच्या डोक्यावर तारेचे उभे काटे, पक्ष्यांना बसता येऊ नये म्हणून. पक्षी अर्थातच काटे सोडून सोलरवर बसले होते. ओहोटीचं पाणी त्याला ओढत होतं आणि खालची साखळी त्याला सोडत नव्हती.

"मामा, हे काय?" मी दोरापाशी उभ्या असलेल्या खलाशाला विचारलं.

"बोया. चॅनेलचा. बंदरात शिरताना लाल डाव्या हाताला ठेवायचा, हिरवा उजव्या."

"आणि बाहेर पडताना?"

"उलट." एवढं बोलून मामा दोर आवरायला गेले, आणि मी जो कामातून गेलो तो गेलोच.

आता ऐका. आमच्याकडे रात्री शेतात दिवा लागतो तो बघायला. वीज रात्रीच्या पाळीची, पाणी द्यायला उसात शिरायचं, आणि जुन्नर म्हणजे बिबट्याचा मुलूख. बॅटरी जितकी लख्ख तितकं काळीज जागेवर. गिऱ्हाईक येतं तेही 'सगळ्यात लांब फोकस जाणारी द्या' म्हणत. माझ्या लेखी उजेड म्हणजे जास्त तेवढा चांगला. समुद्रावरचा दिवा मात्र बघण्यासाठी नसतोच! तो कुणीतरी वाचावा म्हणून असतो. आणि वाचता यायचा असेल तर उजेडाइतकाच अंधारही नेमका लागतो. दिव्याने कुठे दिसायचं नाही, कधी विझायचं, किती वेळ विझलेलं राहायचं, याची मापं ठरलेली आहेत, अंशात आणि सेकंदात. हे दिवे बनवणारा माणूस खरं तर अंधार कापून देतो. माझं डोकं या एका गोष्टीवर अडकलं ते अजून सुटलेलं नाही.

जहाजावरचे दिवे घ्या. 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांनी मापं बांधून दिली आहेत. डाव्या अंगाला लाल, उजव्याला हिरवा. प्रत्येकाने उजेड टाकायचा तो 112.5 अंशांत, म्हणजे अगदी नाकासमोरून सुरू करून काटकोनाच्या 22.5 अंश मागेपर्यंत. वर डोलकाठीवर पांढरा, पुढच्या बाजूला 225 अंश. पाठीमागे आणखी एक पांढरा, 135 अंश. आता बेरीज करा. 112.5 आणि 112.5 मिळून 225, लाल-हिरवा मिळून डोलकाठीच्या दिव्याएवढाच घेर. 225 आणि 135 मिळून 360. पूर्ण वर्तुळ! कुठे फट नाही, कुठे नको ती सरमिसळ नाही. मी हे पाठकोऱ्या बिलावर मांडलं आणि दुकानात एकटाच मोठ्याने 'वा' म्हणालो.

कारण याचा अर्थ असा, की काळ्याकुट्ट रात्री जहाज दिसलं नाही तरी त्याचं तोंड कुठे आहे हे दिसतं. नुसता पांढरा दिसला तर बहुधा त्याची पाठ आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो सरळ आपल्या अंगावर येतोय. नुसता लाल दिसला आणि तो आपल्या उजवीकडून आडवा येत असेल, तर वाट द्यायची आपण. हिरवा दिसला आणि तो डावीकडून येत असेल, तर वाट द्यायची त्याने. म्हणजे इंजिनाची दोन जहाजं आडवी आली की ज्याने वाट द्यायची त्याला समोरचा लाल दिसतो आणि ज्याने पुढे जायचं त्याला हिरवा. ना चौक, ना खांब, ना पोलीस, आणि सिग्नल बरोबर लागतो! पन्नास मीटरच्या वरच्या जहाजाला डोलकाठीचे पांढरे दिवेही दोन, पुढचा खाली आणि मागचा वर. दोघांतलं अंतर वाढलं की जहाज आडवं, एकावर एक आले की सरळ अंगावर.

आता हे सगळं टिकतं ते त्या कापलेल्या कडेवर. लाल दिवा नाकासमोरची रेघ ओलांडून चार-पाच अंश पलीकडे सांडला, तर शेजारच्या जहाजाला चुकीच्या बाजूचा लाल दिसणार आणि घात होणार. म्हणून नियम म्हणतो, पुढच्या बाजूला उजेड ठरलेल्या घेराबाहेर 1 ते 3 अंशांत संपलाच पाहिजे. वीस मीटर आणि त्यावरच्या जहाजांच्या बाजूच्या दिव्यांना आतल्या अंगाला पडदा हवा, आणि तो पडदा काळा, बिनचकाकीचा रंगवलेला हवा. चकाकला तर उजेड परत फेकेल!

मी दुकान बंद केल्यावर करून बघितलं. पत्र्याचा तुकडा, काळा रंग, एक लाल एलईडी. शटर ओढून, लाईट घालवून पडद्याच्या कडेने चालत गेलो. आधी जाड एलईडी लावला होता, तर कड विरघळलेली, लाल हळूहळू मरत जायचा. मग बारीक टिकलीएवढा एलईडी लावला आणि पडदा लांब नेला, आणि काय सांगू, एक पाऊल टाकलं की दिवा आहे, पुढचं टाकलं की नाही! उजेड जितका बारीक ठिकाणाहून निघेल आणि आडोसा जितका लांब, तितकी कड धारदार. जुन्या बल्बच्या काळात ही मंडळी उभी, सरळ फिलामेंट का मागायची ते तिथे उभ्या उभ्या कळलं.

आणि ताकद किती लागते, माहिती आहे? मोठ्या जहाजाचा डोलकाठीचा दिवा सहा सागरी मैलांवरून दिसायला हवा, म्हणजे 11 किलोमीटर. नारायणगावहून निघालात तर मंचर अजून यायचंय, एवढं अंतर. मला वाटलं, हॅलोजनची माळ लागत असेल. नियमातलं कोष्टक सांगतं, 94 कॅन्डेला. हिशेब केला, तर घरातला बारा वॅटचा एलईडी बल्ब सगळीकडे जेवढा उजळतो साधारण तेवढंच! तीन मैलांच्या लाल-हिरव्याला 12 कॅन्डेला, दोन मैलांच्याला 4.3. स्वच्छ हवेत अंधारलेल्या डोळ्याला एवढं पुरतं. सगळी करामत तो थोडका उजेड योग्य त्या घेरात, एकसारखा पोचवण्याची. आणि वरखालीही! जहाज डोलतं, म्हणून आडव्या पातळीच्या 5 अंश वर आणि 5 अंश खालीपर्यंत पूर्ण ताकद हवी. शिडाचं जहाज जास्त कलतं, त्याच्या दिव्याला खाली-वर आणखी सूट ठेवावी लागते.

बोया तर जहाजाहून जास्त हलतो. त्याच्या दिव्याचा झोत पातळ ठेवला तर लाट आली की आभाळात, लाट गेली की पाण्यात, आणि बघणाऱ्याला मधूनच काहीतरी लुकलुकलं एवढंच. झोत वरखाली रुंद करावा तर उजेड पसरून फिका पडतो. किनाऱ्यावरच्या दीपगृहाला ही कटकट नाही, ते जागेवर पक्कं, झोत हवा तेवढा पातळ करा. त्यामुळे बोयाचा दिवा घेताना बनवणारे आधी विचारतात, पाणी कसं आहे तिथलं? मला हा प्रश्न फार आवडला. आम्हीही मोटार देताना विहीर किती खोल ते आधी विचारतो.

आता विझण्याची गोष्ट. बंदरात शंभर दिवे, मग हाच तो बोया कशावरून? त्याच्या लयीवरून! नकाशावर प्रत्येकाची लय छापलेली असते. आणि लयीचे प्रकार ठरतात ते उजेड आणि अंधार यांच्या प्रमाणावरून. उजेड कमी, अंधार जास्त, तो एक प्रकार. दोन्ही सारखे, तो दुसरा. उजेड जास्त आणि मधूनच अंधाराची डुलकी, तो तिसरा. खडकाच्या चार दिशांना लावायच्या पिवळ्या-काळ्या खुणांची तर कमालच आहे. उत्तरेचा दिवा न थांबता लुकलुकत राहतो. पूर्वेचा तीनदा लुकलुकून थांबतो. दक्षिणेचा सहादा. पश्चिमेचा नऊदा. घड्याळ! तीन, सहा, नऊ, आणि बाराच्या जागी उत्तर. आणि वादळात सहा की नऊ हे मोजताना गफलत होऊ नये म्हणून सहाच्या शेवटी एक लांब उजेड जोडलेला. ज्याने हे सुचवलं त्याने नक्की कधीतरी भिजत, थंडीने काकडत दिवे मोजले असणार.

लय बनवणाऱ्यालाही हिशेब चुकत नाही. डोळ्याला क्षणभराचा उजेड त्याच ताकदीच्या स्थिर उजेडापेक्षा मंद वाटतो. ब्लोंडेल आणि रे या दोन फ्रेंच माणसांनी 1911 मध्ये त्याचं सूत्र मांडलं. त्यानुसार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी लुकलुक डोळ्याला निम्मीच वाटते. मग लुकलुक लांबवायची की ताकद वाढवायची? लांबवली तर बॅटरी जाते. पाच सेकंदांत अर्धाच सेकंद पेटला तर बॅटरी दहावा हिस्साच खर्च होते, आणि पावसाळ्यात आठवडाभर ऊन नसलं तरी दिवा तगला पाहिजे. अंधार इथेही कामाला येतो.

लाल डावीकडे की उजवीकडे, यावर तर जगभर गोंधळ होता. एकेकाळी तिसाहून जास्त वेगवेगळ्या पद्धती चालू होत्या. जानेवारी 1971 मध्ये इंग्लंड-फ्रान्समधल्या डोव्हरच्या चिंचोळ्या समुद्रात 'टेक्साको कॅरिबियन' नावाचं तेलाचं जहाज टकरीत बुडालं. दुसऱ्या दिवशी 'ब्रँडनबर्ग' त्याच्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग तिथे दिवे लावले, खुणा केल्या, आणि तरी फेब्रुवारीत 'निकी' नावाचं तिसरं जहाज त्यावर जाऊन बुडालंच! एकूण 51 माणसं गेली. दिवे होते, पण भाषा एक नव्हती. त्यानंतर हालचालींना वेग आला आणि 1980 मध्ये आजची पद्धत ठरली. तीही एकमताने नाहीच. अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपिन्स यांनी लाल उजवीकडेच ठेवला, बाकी जगाने डावीकडे. आपण बाकी जगात.

बोयाचं अंग बघून मला आणखी एक धक्का बसला. पूर्वी ते लोखंडाचं असायचं. ओढून काढा, खरवडा, रंगवा, परत सोडा. आता बहुतेक प्लॅस्टिकचं, आणि बनतं कसं? आपल्या गच्चीवरची पाण्याची टाकी बनते तसंच, हुबेहूब! साच्यात पॉलिथिनची पावडर टाकायची, साचा भट्टीत दोन अक्षांवर फिरवत ठेवायचा, पावडर वितळून आतून सारखी लिंपली जाते, थंड झाली की बिनजोडाचं पोकळ अंग तयार. आत फोम भरतात, म्हणजे जहाजाने धडक देऊन भोक पाडलं तरी बुडत नाही. रंग वरून फासत नाहीत, मालातच मिसळतात, कारण उन्हाने लाल विटून गुलाबी झाला तर दिवसा तो बोया निरुपयोगी. खाली काँक्रीटचा किंवा बिडाचा जड ठोकळा आणि साखळी, पाण्याच्या खोलीपेक्षा बरीच लांब, भरती-ओहोटीला आणि लाटेला ढील राहावी म्हणून. त्यामुळे बोया एका टिंबावर नसतोच, एका लहानशा वर्तुळात भटकत असतो, आणि शहाणा तांडेल एकट्या बोयावर विसंबत नाही.

आणि सील! इथे मात्र मी हक्काने बोलतो. दिवसा दिवा तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडू बघते. संध्याकाळी गार लाट अंगावर आली की आतली हवा आक्रसते आणि बाहेरचा ओलावा आत ओढते. शेतातल्या स्टार्टरच्या पेटीत पावसाळ्यात पाणी कुठून येतं ते मला विचारा. छत गळत नाही, पेटी श्वास घेते! समुद्रावर तो श्वास खारा. यावर दिवे बनवणाऱ्यांनी काढलेला तोडगा म्हणजे हवा जाईल पण पाण्याचा थेंब जाणार नाही असा बारीक पडद्याचा झरोका. घेऊ दे म्हणाले श्वास. मी त्या दिवशीच दोन पेट्यांचे झाकण-वायसर बदलायला काढले.

आता या धंद्यातल्या माझ्या दैवताबद्दल. गुस्ताफ दालेन, स्वीडनचा. त्याच्या काळी बोये ॲसिटिलिन गॅसवर जळायचे. याने गॅसला ठोके देणारा झडप-दिवा केला, मग 1907 मध्ये सूर्यझडप काढली. मध्ये एक काळी सळई, भोवती तीन चकचकीत सळया. दिवस उजाडला की काळी सळई उजेड पिऊन तापते, केसभर लांबते आणि गॅस बंद करते. दिवस मावळला की आक्रसते आणि गॅस सोडते. ना माणूस, ना घड्याळ, ना वीज! दोन्ही मिळून 90 टक्क्यांच्या वर गॅस वाचला. 1912 मध्ये गॅसच्या नळकांड्याच्या चाचणीत स्फोट झाला आणि त्याचे डोळे गेले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते घ्यायला भाऊ गेला. आणि हा पठ्ठ्या त्यानंतर पंचवीस वर्षं, 1937 ला मरेपर्यंत, आंधळेपणी 'आगा' कंपनी चालवत राहिला. दिवे बनवणारी कंपनी!

मग माझ्या मनात आलं, आपण जुन्नरची माणसं खरंच समुद्रापासून इतकी लांब आहोत का? जुन्नरचा शिवनेरी आणि समुद्रातला खांदेरी दोन्ही किल्ले 2025 मध्ये जागतिक वारशाच्या एकाच यादीत गेले, आणि खांदेरीवर 1867 पासून दीपगृह आहे. पण त्याच्याही मागे जा. नाणेघाट उतरला की वाट कल्याण बंदराची. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची, म्हणजे ग्रीकांची, दानं कोरलेली आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात लिहिलंय, की भडोचच्या खाडीचं तोंड फार अवघड, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन बाहेर समुद्रात जातात आणि परदेशी जहाजांना उथळातून सांभाळून आत आणतात. तो राजा नहपान असं बहुतेक इतिहासकार मानतात. आणि नहपानाचा अमात्य अयम याचा शिलालेख कुठे आहे? जुन्नरला, मानमोडीच्या लेण्यांत! ज्या डोंगराकडे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे. दिवे नव्हते, बोये नव्हते, पण वाट दाखवायचं खातं होतं आणि त्याचा पगार ज्या राज्यातून व्हायचा, त्या राज्यात जुन्नर होतं.

आता माझी झोप उडवलीय ती एका निळ्या-पिवळ्या बोयाने. डिसेंबर 2002 मध्ये त्याच डोव्हरच्या पट्ट्यात गाड्या वाहून नेणारं 'ट्रायकलर' बुडालं, आणि पुन्हा तेच, दोन दिवसांत 'निकोला' त्यावर आदळलं, 1 जानेवारीला 'विकी'. मग ताज्या बुडीत जहाजासाठी वेगळाच बोया ठरवला, उभ्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. एक सेकंद निळा, अर्धा सेकंद अंधार, एक सेकंद पिवळा, अर्धा सेकंद अंधार. तो अर्धा सेकंद का, हे मी टायमर जोडून बघितलं. अंधार काढून टाकला तर निळा-पिवळा एकमेकांत घुसतात आणि लांबून रंगच कळेनासा होतो. अर्धा सेकंद परत घातला की दोन्ही स्वच्छ सुटे. काउंटरवर ते यंत्र अजून चालू आहे. कालच एक टोमॅटोवाले भाऊ पाच एचपीची मोटार घेऊन आले, बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे बिबट्यासाठी आहे का? किती फूट लांबनं पळतो?"